शेजारच्या फोनमध्ये फाइल जाते कशी, आणि अडते कुठे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की पिक्सेल १० मालिकेतील फोनवरून ‘क्विक शेअर’ वापरून आता आयफोनला थेट फाइल पाठवता येईल आणि आयफोनच्या ‘एअरड्रॉप’वरून आलेली फाइल घेताही येईल. ही बातमी वाचून सामान्य वापरकर्त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की हे इतक्या उशिरा का? दोन्ही फोनांतले वायफाय त्याच मानकांवर चालते, ब्लूटूथही तेच असते, आणि एका फोनमधला फोटो दुसऱ्यात सहसा विनासायास उघडतो. एअरड्रॉप मॅक संगणकांवर २०११ मध्ये आणि आयफोनवर २०१३ मध्ये आले. अँड्रॉइडवर ‘निअरबाय शेअर’ २०२० मध्ये आले आणि सॅमसंगच्या सोयीशी एकत्र होऊन २०२४ मध्ये त्याचे नाव क्विक शेअर झाले. तरीही एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन कंपन्यांच्या फोनांना एकमेकांना फोटो देण्यासाठी तो सहसा आधी दूरच्या एखाद्या सर्व्हरवर चढवावा लागत होता.

याचे कारण असे, की फाइल वाहून नेणे हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग त्याच्या आधी येतो. आसपासच्या अनेक उपकरणांतून नेमके हवे ते शोधायचे, आणि ते ज्याचे आहे असे सांगते त्याचेच आहे का याची खात्री करायची. समोरचा फोन यादीत न दिसणे, अनपेक्षित परवानग्या मागितल्या जाणे, अनोळखी माणसाकडून नको ती चित्रे येणे, या तक्रारी वरवर वेगळ्या वाटल्या तरी त्यांतील बहुतेकींचे मूळ या शोधण्याच्या आणि ओळखण्याच्या टप्प्यात सापडते.

### इंटरनेट बंद असताना फाइल जातेच कशी?

वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी स्पष्ट असलेले बरे. वायफाय म्हणजे दोन उपकरणांनी रेडिओलहरींवरून माहितीची देवाणघेवाण करण्याची एक ठरलेली पद्धत होय. राउटरच्या मागे इंटरनेटची तार जोडलेली असते म्हणून आपल्याला दोन्ही एकच वाटतात. ती तार काढून टाकली तरी राउटर आणि फोन यांचे आपसातले बोलणे चालूच राहते, फक्त बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो.

पुढची पायरी म्हणजे राउटरलाही वगळणे. वायफायची मानके राबवणाऱ्या वायफाय अलायन्स या संघटनेने २०१० मध्ये ‘वायफाय डायरेक्ट’ या पद्धतीसाठी प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. या पद्धतीत दोन उपकरणांपैकी एक तात्पुरते राउटरचे काम अंगावर घेते आणि दुसरे त्याला जोडले जाते. आपण हॉटस्पॉट सुरू करतो तेव्हा फोन जे करतो त्यासारखेच हे आहे, मात्र येथे जाळ्याचे नाव आणि पासवर्ड आपल्याला टाकावा लागत नाही. दोन्ही फोन ते आपसात ठरवतात आणि काम झाले की ते जाळे मोडून टाकतात. ॲपलने याच कामासाठी स्वतःची वेगळी पद्धत तयार केली. तिच्यात फोन ठरावीक अंतराने काही क्षण राउटरची वाहिनी, म्हणजे त्याच्या लहरींचा ठरलेला पट्टा, सोडतो, शेजारच्या फोनशी बोलण्याच्या वाहिनीवर जातो आणि पुन्हा परततो. मोठी फाइल जात असताना त्याच वेळी चाललेला व्हिडिओ कॉल कधी कधी अडखळतो, त्यामागे एकाच रेडिओला दोन कामे वाटून दिलेली असणे हेही एक कारण असू शकते.

यात मोबाइल डेटा खर्च होत नाही, असे सरसकट सांगितले जाते. ते बहुतेक वेळा खरे असले तरी नेहमीच खरे नसते. क्विक शेअर उपलब्ध मार्गांपैकी सोयीचा मार्ग स्वतः निवडते आणि त्या मार्गांत इंटरनेटचाही समावेश आहे. आयफोनवरही २०२३ पासून अशी सोय आहे की पाठवणे सुरू झाल्यावर दोन फोन एकमेकांपासून दूर गेले तर उरलेली फाइल इंटरनेटवरून पूर्ण केली जाते. दोन्हीकडे मोबाइल डेटाचा हा वापर सेटिंगमधून बंद करता येतो, आणि ज्यांचा डेटा मोजका आहे त्यांनी तो बंद करावा.

### फाइल वायफायवरून जाते, तर ब्लूटूथ चालू कशाला हवे?

ब्लूटूथ हा निरोप्या आहे आणि वायफाय ही मालगाडी. निरोप्या थोड्या खर्चात दिवसभर फिरू शकतो, पण त्याच्या पिशवीत पोते मावत नाही. मालगाडी कितीही पोती नेईल, पण कोणी माल घेणारा आहे का हे पाहण्यासाठी ती सतत चालू ठेवणे परवडत नाही.

तांत्रिक भाषेत सांगायचे तर २०१० मध्ये ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीबरोबर त्याचा एक अल्पऊर्जा प्रकार आला. त्यात उपकरण ठरावीक अंतराने ‘मी येथे आहे’ अशी छोटीशी घोषणा करते. मूळ रचनेत अशा एका घोषणेत जास्तीत जास्त ३१ बाइट माहिती बसते, म्हणजे हे वाक्यसुद्धा त्यात मावणार नाही. परंतु ‘मी फाइल घेऊ किंवा देऊ शकतो आणि माझी तात्पुरती ओळख अशी आहे’ एवढे सांगायला ती जागा पुरते. या घोषणांसाठी ४० पैकी केवळ ३ वाहिन्या राखून ठेवलेल्या आहेत, त्यामुळे ऐकणाऱ्या फोनलाही सगळीकडे कान लावून बसावे लागत नाही. बॅटरी वाचते ती या काटकसरीमुळे.

आपण ‘शेअर’चे बटण दाबतो तेव्हा पाठवणारा फोन अशी घोषणा करतो, आसपासचे फोन ती ऐकून जागे होतात आणि आपण दृश्य व्हायचे की नाही हे आपापल्या सेटिंगप्रमाणे ठरवतात, जे तयार असतात त्यांची नावे आपल्या पडद्यावर उमटतात, आपण त्यांतील एक निवडले की दोन्ही फोन जोडणीचा तपशील ठरवतात, आणि त्यानंतर वायफायची जोडणी उभी राहून फाइल धावू लागते. पडद्यावर फिरणारे चक्र आपल्याला ‘फाइल जात आहे’ असे भासवते, परंतु लहान फोटोच्या बाबतीत त्यातला बराचसा वेळ या बोलण्यांतच गेलेला असतो.

निरोप्याचे काम इतर मार्गांनी करून घेण्याचेही प्रयत्न झाले. अँड्रॉइडवर २०११ मध्ये दोन फोन पाठीला पाठ लावून जोडण्याची सोय आली होती. स्पर्शाइतक्या जवळून चालणारे एनएफसी तंत्र ओळख करून देई आणि पुढे ब्लूटूथवरून फाइल जाई. कल्पना चांगली होती, कारण ज्याच्या फोनला आपण फोन टेकवला तो कोण आहे याविषयी शंकाच उरत नाही. परंतु फोन नेमका कुठे टेकवायचा हे लोकांना सापडत नसे, आणि अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीतून ही सोय काढून टाकली गेली.

### मग ब्लूटूथनेच सगळी फाइल का पाठवू नये?

पाठवता येते. जुन्या फोनांत तसेच होत असे आणि अँड्रॉइडमध्ये तो मार्ग अजूनही आहे. आयफोनने मात्र इतर फोनांसाठी तो कधीच खुला केला नाही, त्यामुळे आयफोन ब्लूटूथच्या यादीत दिसला तरी त्याला त्या मार्गाने फोटो पाठवता येत नाही.

अडचण वेगाची आहे. ब्लूटूथच्या नेहमीच्या प्रकारात फाइल प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे २ मेगाबिट वेगाने जाते. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, हे लक्षात घेतले तर १ गिगाबाइटचा व्हिडिओ म्हणजे ८,००० मेगाबिट होतात आणि त्याला तासाहून अधिक वेळ लागतो. तोच व्हिडिओ सेकंदाला ३०० मेगाबिट देणाऱ्या वायफायवरून अर्ध्या मिनिटाच्या आत पोहोचतो. हा फरक कौशल्याचा नसून रुंदीचा आहे. ब्लूटूथचा नेहमीचा प्रकार १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ७९ अरुंद वाहिन्यांवरून सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत चालतो. गर्दीतही तो टिकून राहतो तो या उड्यांमुळे. उलट आजच्या फोनमधले वायफाय ८० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून रुंद पट्टा एकाच वेळी वापरू शकते.

### फाइल पाठवायची तर लोकेशनची परवानगी कशासाठी?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर ‘ॲप तुमचा माग काढत आहे’ इतके सरळ नाही. आसपासच्या ब्लूटूथ घोषणा आणि वायफायची नावे ऐकता आली की त्यांवरून तुम्ही कुठे आहात याचा अंदाज बांधता येतो, कारण अनेक राउटर आणि घोषणा करणारी छोटी उपकरणे वर्षानुवर्षे एकाच जागी असतात. म्हणून अँड्रॉइडने २०१५ मधील सहाव्या आवृत्तीपासून असे ठरवले, की ज्या ॲपला आसपासची उपकरणे शोधायची आहेत त्याने लोकेशनचीच परवानगी मागावी. हेतू वापरकर्त्याला सावध करण्याचा होता, पण परिणाम गोंधळाचा झाला. शेवटी २०२१ मध्ये बाराव्या आवृत्तीत ब्लूटूथने शोध घेण्यासाठी आणि पुढच्या वर्षी तेराव्या आवृत्तीत वायफायसाठी ‘जवळपासची उपकरणे’ अशी वेगळी परवानगी आली. त्यामुळे नव्या फोनवर फाइल पाठवणारे एखादे ॲप अजूनही लोकेशनसाठी अडून बसत असेल, तर ते जुन्या पद्धतीने लिहिलेले आहे किंवा त्याला लोकेशन खरोखरच हवे आहे. दोन्ही बाबतींत फोनमधली मूळ सोय वापरणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

### समोरचा फोन त्याच माणसाचा आहे, हे कसे कळते?

फोनचे नाव हा पुरावा नव्हे. ते कोणीही बदलू शकतो, आणि गर्दीत एकाच मॉडेलचे चार फोन असतील तर यादीत एकसारखीच चार नावे दिसू शकतात. म्हणून दृश्यतेच्या तीन पायऱ्या असतात: फक्त माझी स्वतःची उपकरणे, माझ्या संपर्कांतील माणसे, आणि कोणीही.

‘कोणीही’ हा पर्याय सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा आहे. रेल्वेत किंवा विमानात अनोळखी प्रवाशांच्या फोनवर अश्लील चित्रे पाठवण्याचे प्रकार झाले ते याच पर्यायामुळे. चित्र स्वीकारले नाही तरी त्याची झलक पडद्यावर येत असे, आणि त्रास देण्यासाठी तेवढे पुरे होते. डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलने सर्व देशांतील आयफोनांवर हा पर्याय १० मिनिटांपुरता मर्यादित केला. क्विक शेअरमध्येही १० मिनिटांची मर्यादा निवडता येते.

‘संपर्क’ हा मधला पर्याय ऐकायला निर्धोक वाटतो, परंतु त्याच्या मागचे काम सर्वांत गुंतागुंतीचे आहे. दोन फोनांनी एकमेकांना पूर्ण पत्तावही न दाखवता ‘आपण एकमेकांच्या वहीत आहोत का’ हे ठरवायचे असते. एअरड्रॉपने यासाठी हॅश नावाच्या गणिताचा आधार घेतला. कोणत्याही मजकुरापासून ठरावीक लांबीची, वरवर अर्थहीन दिसणारी अक्षररांग तयार करणारे हे गणित आहे. त्याच मजकुरापासून दर वेळी तीच रांग मिळते, पण रांगेवरून मजकूर उलट काढता येत नाही. फोन आपला क्रमांक उघड सांगण्याऐवजी त्याचा हॅश पाठवतो, आणि समोरचा फोन आपल्या वहीतील क्रमांकांचे हॅश काढून जुळवून पाहतो.

येथे एक उणीव राहते, आणि ती गणितातली नसून फोन क्रमांकांतली आहे. क्रमांक दहा अंकी असेल तर सगळ्या शक्यता मिळून एक हजार कोटी भरतात. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, पण संगणकाला तो किरकोळ आहे. सगळ्या शक्य क्रमांकांचे हॅश काढून ठेवले की पकडलेल्या हॅशवरून मूळ क्रमांक शोधणे हे केवळ यादीत पाहण्याचे काम उरते. जर्मनीतील डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी ही उणीव २०१९ मध्ये ॲपलला कळवली आणि २०२१ मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध केली. क्रमांक उघड न करता ओळख जुळवण्याची पर्यायी पद्धतही त्यांनी सोबत मांडली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये बीजिंगच्या न्यायविषयक विभागाने सांगितले की, एअरड्रॉपवरून आक्षेपार्ह मजकूर पाठवणाऱ्यांचे क्रमांक आणि ईमेल पत्ते फाइल घेणाऱ्या फोनमधील नोंदींवरून शोधून काढण्यात आले आहेत. निनावी समजली जाणारी सोय निनावी नव्हती.

सुरुवातीच्या बातमीतला अडथळाही याच ठिकाणी आहे. पिक्सेलवरून आयफोनला फाइल पाठवताना आयफोनधारकाला दृश्यता ‘१० मिनिटांसाठी कोणीही’ अशी ठेवावी लागते, ‘संपर्क’ चालत नाही. माझ्या मते हे तांत्रिक मर्यादेपेक्षा मालकीचे प्रकरण अधिक आहे. ‘संपर्क’ पर्याय चालतो तो कंपनीच्या खात्यांच्या आधारावर. कोणता क्रमांक कोणत्या खात्याचा याची ग्वाही एका बाजूला ॲपल देते आणि दुसऱ्या बाजूला गूगल. या दोन ग्वाह्या एकमेकींना मान्य होत नाहीत तोवर माणसाची ओळख माणसानेच, पडद्यावरचे नाव वाचून, करून घ्यावी लागणार. ‘संपर्क’ पर्यायासाठी ॲपलबरोबर काम करण्याची तयारी गूगलने दाखवली आहे, पण ते एकट्या गूगलच्या हातात नाही.

### वाटेत कोणी फाइल वाचू शकेल का?

सहसा नाही. एअरड्रॉप आणि क्विक शेअर दोन्हीकडे फाइल कूटबद्ध होऊन, म्हणजे त्या दोन उपकरणांखेरीज इतरांना निरर्थक ठरेल अशा रूपात, जाते. शेजारी बसलेल्या माणसाने लहरी टिपल्या तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

मात्र कूटबद्धता वाटेचे रक्षण करते, दाराचे नाही. २०२४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी क्विक शेअरमध्ये, मुख्यतः त्याच्या विंडोज संगणकांसाठीच्या आवृत्तीत, १० त्रुटी दाखवल्या. त्यांतील एका त्रुटीमुळे वापरकर्त्याने ‘स्वीकारा’ म्हणण्याआधीच फाइल त्याच्या संगणकात उतरवता येत होती. गूगलने त्यावर दुरुस्त्या आणल्या, पण ज्यांनी आपली आवृत्ती अद्ययावत केली नाही त्यांना त्यांचा उपयोग नाही. हेही लक्षात असू द्यावे की कूटबद्ध मार्गाने आलेली फाइल आतून घातक असू शकते. फोटोची अपेक्षा असताना एखादे ॲप बसवणारी फाइल आली तर ती उघडू नये.

### समोरचा फोन यादीत दिसतच नाही, तेव्हा?

पडदा बंद असलेला फोन घोषणा ऐकत असला तरी उत्तर देईलच असे नाही, म्हणून घेणाऱ्याचा फोन उघडलेला असावा. दृश्यता ‘संपर्क’वर असेल तर आपला क्रमांक किंवा ईमेल त्याच्या वहीत नोंदलेला हवा, आणि तोही आपण आपल्या खात्याला जोडलेलाच; पुष्कळदा वहीत दुसराच क्रमांक असतो. वापरात असलेला हॉटस्पॉट बंद करावा, कारण त्याने वायफायचा रेडिओ आधीच अडवलेला असतो. बॅटरी वाचवण्याचा पर्याय पार्श्वभूमीतला शोध थांबवू शकतो. अंतराचा विचार शेवटी करावा, परंतु गर्दीत २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसांच्या शरीरात बऱ्याच प्रमाणात शोषल्या जातात हेही खरे.

‘पेअरिंग’ करून पाहण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. हेडफोनसाठी ते आवश्यक आहे. क्विक शेअर आणि एअरड्रॉपला मात्र त्याची गरज नसते.

### संगणकाशी देवाणघेवाण करायची असेल तर?

मॅक आणि आयफोन यांच्यात एअरड्रॉप आहे, विंडोजसाठी क्विक शेअर आहे. यांपैकी काहीच जुळत नसेल तर दोन्ही उपकरणे एकाच राउटरला जोडून लोकलसेंडसारखे मुक्त स्रोत ॲप वापरता येते. ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स या सर्वांवर चालते आणि फाइल आपल्या जाळ्याबाहेर जाऊ देत नाही. येथे निरोप्याचे काम ब्लूटूथऐवजी राउटरचे जाळेच करते: ॲप त्या जाळ्यावर घोषणा करते आणि दुसऱ्या उपकरणावरील ॲप तिला उत्तर देते. सार्वजनिक ठिकाणच्या वायफायवर हा मार्ग पुष्कळदा चालत नाही, कारण तेथे जोडलेली उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशी तजवीज राउटरमध्येच केलेली असते. ती तुमच्याच संरक्षणासाठी असते. अशा वेळी एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडावा. त्यासाठी इंटरनेट असण्याची गरज नाही.

### एवढ्या खटाटोपापेक्षा मेसेजिंग ॲपवरून पाठवले तर काय बिघडले?

एखाद्या फोटोपुरते काहीच बिघडत नाही. पण बरीच मेसेजिंग ॲप फोटो आणि व्हिडिओ लहान करून पाठवतात, त्यामुळे छापण्यासाठी किंवा जपून ठेवण्यासाठी ती प्रत उपयोगी पडत नाही. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडली तर हा बदल टळतो. शिवाय शेजारच्या माणसाला पाठवलेला व्हिडिओ आधी सर्व्हरवर चढतो आणि मग उतरतो, म्हणजे दोघांचाही डेटा खर्च होतो.

शेकडो गिगाबाइट हलवायचे असतील, उदाहरणार्थ फोन बदलताना जुने सगळे फोटो संगणकावर घ्यायचे असतील, तर मात्र वायरच वापरावी. जुन्या यूएसबी २.० मानकाचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि चांगले वायफाय त्याला मागे टाकू शकते, पण वायरीला शोधाशोध लागत नाही, शेजारच्या जाळ्यांचा अडथळा होत नाही, आणि तासभर चालणाऱ्या कामात फोनची बॅटरीही भरत राहते. पेनड्राइव्हवर उतरवताना फक्त एक पाहावे: तो एफएटी३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेला असेल तर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल तो घेणार नाही. मोकळी जागा दिसत असूनही लांब व्हिडिओ उतरत नाही तो बहुधा यामुळे, आणि पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने पुन्हा फॉरमॅट केला की ही अडचण दूर होते. फॉरमॅट करताना त्यातले सगळे पुसले जाते, तेव्हा आतल्या फाइली आधी दुसरीकडे काढून ठेवाव्यात.